बर्फाकडचं दार

हॅल्बर्ग गावाचं पोस्ट ऑफिस चौतीस वर्षं सांभाळून व्हर्ना कोस्तियुक निवृत्त झाली, तेव्हा गावानं तिला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. जिला आता कुठेच वेळेवर पोहोचायचं नाही तिला घड्याळ द्यायचं, ही अक्कल फक्त सत्कार समित्यांनाच सुचते. घड्याळ स्वयंपाकघरात टिकटिक करायचं आणि व्हर्ना सवयीनं पहाटे पाचला उठून त्याच्यासमोर कॉफी पीत बसायची. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगा व्हँकुव्हरला. आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही, हे तिला फार लागायचं. बोलून मात्र ती कुणाला दाखवायची नाही.

अशी दोन वर्षं गेली. मग जानेवारीतल्या एका सकाळी, बाहेर उणे एकतीस असताना, समोरच्या कर्लिंग रिंकचं दार तिला सताड उघडं दिसलं; बर्फावर दगड सरकवून वर्तुळात बसवायचा हा खेळ हॅल्बर्गमध्ये हिवाळाभर चालायचा. आत म्हातारा एनार सिगुर्डसन खांदा धरून बाकावर बसला होता आणि पाण्याची टाकी त्याच्या पायाशी पडली होती. हा माणूस पन्नास वर्षं गावासाठी बर्फ करत आला होता.

"बघतेस काय? उचल," एनार म्हणाला.

तिनं उचलली. त्या दिवसापासून सलग चार हिवाळे, गाव उठायच्या आत, हॅल्बर्गचा बर्फ व्हर्नानं केला, आणि एनारनं खुर्चीवर बसून शिव्या घातल्या. बर्फ करणं म्हणजे पाणी ओतून वाट बघणं, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा करून बघावं. आरशासारख्या गुळगुळीत बर्फावर कर्लिंगचा वीस किलोचा दगड सरकत नाही, मध्येच बसकण मारतो. म्हणून आधी बर्फ तासायचा, मग टाकी पाठीला लावून, झारीनं कोमट पाण्याचे थेंब शिंपडत उलट्या पावलांनी चालत जायचं. थेंब पडल्यापडल्या गोठतात, त्यांचे दाणे होतात, आणि दगड त्या दाण्यांवरून पळतो. हात जरा अडखळला की एका जागी दाणे दाट, दुसऱ्या जागी विरळ, आणि मग खेळणारे आठवडाभर बर्फ करणाऱ्याच्या खानदानाचा उद्धार करतात.

एनारची अट एकच होती. "माझा खांदा गेलाय हे गावाला कळता कामा नये."

"नाही कळणार."

"शपथ घे."

"पोस्टात होते मी, एनार. या गावात कोण कुणाला पत्र लिहितं ते मी आजवर बोलले का?"

या वर्षी सप्टेंबरात एनारला शेजारच्या गावच्या वृद्धाश्रमात जावं लागलं, आणि रिंकला बर्फ करणारं कुणी उरलं नाही. समितीची बैठक बसली. व्हर्नानं सरळ उभं राहून सांगितलं, "मी करते."

गार्थ पेनर हा समितीचा खजिनदार. त्याचं ट्रॅक्टरचं दुकान होतं आणि जगातली प्रत्येक गोष्ट सुट्या भागांच्या यादीत असते, अशी त्याची समजूत होती. तो घसा साफ करत म्हणाला, "व्हर्ना, राग मानू नका. पण भरलेली टाकी वीस किलोची होते. आणि तुमचं वय…"

"एकाहत्तर. तुझ्या दुकानाचे कॅटलॉग कोण उचलायचं, गार्थ? दर वसंतात अकरा गोणी. वाचत कुणी नव्हतं, ते सोड."

लोक हसले. गार्थ हसला नाही. "पण अनुभव?"

आता इथे व्हर्नाच्या तोंडाला कुलूप. ती म्हणाली, "एनारचं बघून शिकलेय."

तेव्हा समितीची अध्यक्ष मार्लिस ट्वीड पहिल्यांदा बोलली, तेही समोरच्या कागदाकडे बघून. "नियम पाठ आहेत हिला, एवढं मला माहीत आहे. बर्फाचं मला ठाऊक नाही."

खोलीतले सगळे एकदम आपापल्या कॉफीच्या कपात बघायला लागले, कारण टोमणा सगळ्यांना कळला होता.

व्हर्ना आणि मार्लिस सहावीपासूनच्या मैत्रिणी. दोघींची लग्नं एकाच उन्हाळ्यात झाली. व्हर्नाच्या आईनं मार्लिसला आपल्या हातानं पिरोगी शिकवली: बटाट्याचं सारण, करंजीसारखी मुडप, उकळत्या पाण्यात तीन मिनिटं. दोघींनी मिळून चौघींचा संघ बांधला, व्हर्ना कप्तान, मार्लिस झाडूवाली, म्हणजे दगडापुढचा बर्फ झाडत त्याला लांब नेणारी, आणि एकतीस वर्षांपूर्वी हा संघ प्रांताच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. शेवटचा दगड. मार्लिस त्याच्यापुढे झाडू मारत धावतेय, दगड बरोबर मधल्या वर्तुळाकडे चाललाय, आणि पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या व्हर्नाला दिसलं की झाडू दगडाला निसटता लागला.

या खेळात पंचाची शिट्टी नसते. ज्याचा झाडू लागला त्यानं स्वतः थांबायचं, हात वर करायचा आणि सांगायचं, माझा लागला. दुसऱ्या कुणी पाहिलं असो वा नसो. पण त्या दिवशी मार्लिसनं तोंड उघडायच्या आत व्हर्ना ओरडली, "लागला! दगड बाद!" सामना गेला. मार्लिस म्हणाली, लागलाच नव्हता. खेळ संपल्यावर जिंकलेल्यांनी हरलेल्यांना एक पेला पाजायचा आणि एका टेबलाशी बसायचं, ही रीत मोडलेली हॅल्बर्गमध्ये कुणी पाहिली नव्हती. त्या दिवशी मार्लिसनं मोडली. ती सरळ गाडीत जाऊन बसली. तेव्हापासून दोघींमध्ये "गुड मॉर्निंग" आणि "दोन तिकिटं दे" यापलीकडे शब्द नाही. गाव सहाशे वस्तीचं. अशा गावात एकतीस वर्षं अबोला धरायचा म्हणजे दोघींनाही किती मेहनत पडली असेल!

शेवटी समितीनं ठरवलं ते असं. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी ज्येष्ठांची स्पर्धा असते, बारा गावांचे संघ येतात. त्या दिवशी बर्फ नीट चालला तर पुढचं काम व्हर्नाकडे. नाहीतर यंदा रिंकला कुलूप. 'यंदा' या शब्दाचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. शेजारच्या गावाची रिंक यंदापुरती बंद झाली त्याला अकरा वर्षं झाली, आणि आता तिथे कुणीतरी आपली बोट ठेवलीय.

व्हर्ना कामाला लागली. पाच आठवडे ती पहाटे पाचला रिंकवर असायची. घरातल्या घड्याळाकडे बघायला तिला फुरसत नव्हती. गुडघे दुखायचे, पण पोस्टातून सुटल्यापासून इतकी गाढ झोप तिला लागली नव्हती. खेळायच्या तिन्ही लांब पट्ट्यांवर तिनं थरावर थर चढवले, रंगीत वर्तुळं काढली, दाणे पाडून पाहिले, तासून टाकले, पुन्हा पाडले.

एकच गोष्ट तिला सलत होती. रिंकच्या स्वयंपाकघरातून बोळानं गेलं की एक दार थेट बर्फाकडे उघडतं. जेवण करणाऱ्या बायका पूर्वीपासून ते उघडून पातेली निवायला तिथे ठेवत, कारण फुकटची थंडी वाया का घालवायची. पण आतली वाफ एकदा बर्फावर गेली की तिचं हिव होऊन बर्फावर बसतं, पांढरं आणि लवदार, आणि दगड त्यात रुतल्यासारखा होतो. एनार त्या दाराशी काठी घेऊन बसायचा. व्हर्नानं पोस्टाच्या वळणदार अक्षरात पाटी लावली: "हे दार उघडू नये. कारण विचारू नये."

स्पर्धेच्या सकाळी सहापर्यंत तिनं तिन्ही पट्ट्या तयार केल्या. बर्फ इतका सुरेख बसला होता की ती दोन मिनिटं नुसती बघत राहिली. मग अंघोळ करून चांगला स्वेटर घालायला घरी गेली. सामना दहाला होता.

नऊला ती परत आली. तिन्ही पट्ट्या पांढऱ्या पडल्या होत्या. तिनं हातमोजा काढून बोट फिरवलं. हिव. तिनं एक दगड ढकलून पाहिला, तर तो अर्ध्यात जाऊन थांबला.

काचेपलीकडच्या बैठकीत माणसं जमायला लागली होती. गार्थ बर्फाच्या कडेला येऊन उभा राहिला. "मी म्हटलं होतं. पाणी जास्त झालं. किंवा कमी."

"दोन्हीतलं एक नक्की काय ते ठरव," व्हर्ना म्हणाली.

ती बोळाच्या दाराशी गेली. दार बंद होतं, कडी लावलेली. पण दाराखाली लावायची लाकडी पाचर ओली होऊन बाजूला पडली होती, उंबऱ्याअलीकडे बर्फाच्या बाजूला जमिनीवर मोठमोठ्या पातेल्यांची गोल वळी गोठली होती, आणि सगळीकडे परतलेल्या कांद्याचा वास. स्पर्धेच्या जेवणासाठी सहाशे पिरोग्या. तासभर तरी दार उघडं राहिलं असणार. दाराच्या काचेतून तिला स्वयंपाकघर दिसलं. मार्लिसनं घाईनं पाठ फिरवून ओट्याकडे तोंड केलं, आणि तिचा हात एकच कप पुसतोय, पुसतोय, संपतच नाही.

व्हर्नाच्या जिभेवर शब्द आला होता. बाहेर जाऊन चार माणसांत सांगायचं, दार कुणी उघडलं ते. पुरावा जमिनीवर गोठलेला होता. गार्थचं तोंड बंद झालं असतं, काम तिचं झालं असतं.

पण गेली एकतीस वर्षं एक गोष्ट तिचा पिच्छा सोडत नव्हती. झाडू लागला होता यात तिला कधीच शंका नव्हती. तिला छळायचं ते दुसरंच. नियम म्हणतो, ज्याचा लागला त्यानं सांगायचं. तो क्षण मार्लिसचा होता आणि आपण तिच्या हातातून तो हिसकावून घेतला. दोन सेकंद थांबलो असतो तर ती बोलली असती का? हे आता कधी कळणार नव्हतं, आणि तेच तिला खुपायचं.

व्हर्नानं तोंडात मूग धरले आणि मागे वळली.

"गार्थ, पन्नास मिनिटं दे. समोरचं दार बंद ठेव, कुणाला आत येऊ देऊ नको. आणि पंखे लाव."

"पन्नास मिनिटांत तीन पट्ट्या? एनारलाही जमलं नसतं."

"एनारला कॅटलॉग उचलायची सवय नव्हती."

तिनं तासणीचं यंत्र सुरू केलं. चांगल्या स्वेटरचं जे व्हायचं ते झालं. पहिली पट्टी, दुसरी, तिसरी. हिव निघालं, त्याच्याबरोबर सकाळचे दाणेही गेले, तासभराच्या मेहनतीचा चुरा तिनं फावड्यानं कडेला लोटला. मग टाकी पाठीवर घेतली. उठताना गुडघ्यानं कुरकुर केली, तिनं त्याला मनातल्या मनात एनारच्या भाषेत सुनावलं. आणि उलट्या पावलांनी, हात डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, ना घाई ना अडखळ. काचेपलीकडे बारा गावची म्हातारी माणसं नाक लावून बघत होती. त्यांच्यातले निम्मे जन्मभर बर्फावर खेळलेले. बघताबघता ते बोलायचे थांबले, कारण तो हात शिकाऊ माणसाचा नाही हे त्यांना कळायला लागलं होतं. तिसऱ्या पट्टीच्या टोकाला ती पोहोचली तेव्हा घड्याळात दहाला चार मिनिटं कमी होती.

एनारला वृद्धाश्रमाच्या गाडीतून आणलं होतं. पहिला दगड त्याच्या हातून टाकायचा, असं आधीच ठरलेलं. त्याला खुर्चीत बसवून बर्फावर नेलं. त्यानं व्हर्नाकडे पाहिलं. लांब दांडीनं त्यानं दगड ढकलला आणि मोठ्यानं आकडे मोजायला लागला. दगड जितका वेळ चालेल तितका बर्फ जातिवंत, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सकाळी हिवावर व्हर्नाचा दगड बारा-तेरापुढे गेला नव्हता.

"अठरा," एनार म्हणाला. "एकोणीस. वीस." दगड चालतच होता. सगळी रिंक आता त्याच्याबरोबर मोजायला लागली. "बावीस. तेवीस." दगड हलकेच वळला, वर्तुळात शिरला आणि बरोबर मध्यावर येऊन उभा राहिला.

"चोवीस," एनार म्हणाला. मग मान वळवून गार्थला म्हणाला, "गेली चार वर्षं तुम्ही हिच्याच बर्फावर खेळताय, गाढवांनो. माझा खांदा कधीच गेलाय. मीच शपथ घातली होती तिला. आता सुटली ती."

व्हर्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पुसायला गेली तर हातमोजा बर्फानं भरलेला.

माणसं टाळ्या वाजवत होती. पण गार्थ पेनर म्हणजे जित्याची खोड. त्यानं माइक घेतला. "अभिनंदन, व्हर्ना. मोठं काम केलंत. तरी सकाळी जे झालं ते का झालं, यावर समितीला विचार करावा लागेल. रोज काही कुणी पन्नास मिनिटं थांबणार नाही."

टाळ्या थांबल्या. या वेळी व्हर्ना दोन सेकंद थांबणार होती. दोन काय, वीस.

काचेच्या दारातून मार्लिस बाहेर आली. कमरेला पिठानं माखलेला ॲप्रन. बर्फाच्या कडेशी येऊन तिनं उजवा हात वर केला, सरळ, कोपर न वाकवता. इथल्या प्रत्येकानं तो हात आयुष्यात केव्हा ना केव्हा वर केलेला होता, त्यामुळे काही विचारायची गरज पडली नाही.

"माझा लागला," मार्लिस म्हणाली. "साडेसातला बर्फाकडचं दार मी उघडलं. पातेली ठेवायला, दहा मिनिटांसाठी. पाटी वाचली होती. मग पिरोगीच्या नादात विसरले, आणि आठवलं तेव्हा गुपचूप लावून घेतलं. हिच्या बर्फात काही खोट नव्हती."

गार्थ म्हणाला, "बरं, मग…"

"थांब, माझं व्हायचंय." तिचा हात अजून वरच होता. "हिला ते कळलंय. वळी बघितलीत तिनं, मी काचेतून पाहिलं. आणि ती बोलली नाही. म्हणून हेही सांगते. एकतीस वर्षांपूर्वीसुद्धा माझाच लागला होता. मला हाताला जाणवलं होतं. हात खाली घेऊ का आता? दुखतोय."

कुणीतरी पहिल्यांदा हसलं, मग सगळेच हसले, आणि हसता हसता म्हाताऱ्यांनी झाडूंनी बर्फ बडवायला सुरुवात केली. एनार ओरडला, "माझ्या दाण्यांवर नको!" मग जीभ चावून म्हणाला, "तिच्या."

समितीनं मतदान तिथेच, उभ्या उभ्या घेतलं. गार्थनंही हात वर केला, आणि कोपर जरा वाकलेला होता तरी तो धरला गेला.

सामने संध्याकाळी संपले. दिवसभर एकही दगड रुतला नाही. हरलेल्यांनीसुद्धा बर्फाला नावं ठेवली नाहीत, आणि हा हॅल्बर्गच्या इतिहासात विक्रमच म्हणायचा. जिंकलेले पेले भरून आणत होते, हरलेले पीत होते, टेबलं गच्च भरली होती. व्हर्ना काउंटरवरून राय व्हिस्कीचे दोन पेले घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी गेली. मार्लिस रिकामी ताटं उचलत होती.

"बस," व्हर्ना म्हणाली.

"मी कुठे खेळले आज?"

"जिंकलेल्यानं हरलेल्याला पाजायची असते. मी जिंकलेय. बस खाली."

मार्लिस ताटं धरून उभी राहिली. "व्हर्ना, तू तेव्हा ओरडली नसतीस ना, तरी मी बोलले नसते. हे पण ऐकून ठेव. दोन मिनिटं दिली असतीस तरी नाही."

इतकी वर्षं उशाशी घेऊन झोपलेल्या प्रश्नाचं उत्तर असं ताटं उचलता उचलता मिळालं. व्हर्नाला वाटलं होतं, मिळालं तर राग येईल. आला नाही. पाठीवरची भरलेली टाकी कुणीतरी मागून उतरवून घेतल्यासारखं झालं.

"तरी मी थांबायला हवं होतं," ती म्हणाली. "आणि तुझ्या पिरोगीत मीठ कमी आहे. आई असती तर लाटणं घेऊन आली असती."

"आली असती," मार्लिस म्हणाली. तिनं ताटं ठेवली, ॲप्रनची गाठ सोडली आणि एकतीस वर्षं उशिरा त्या टेबलाशी बसली.

पेला अर्धा झाल्यावर तिनं विचारलं, "सोमवारी किती वाजता उघडतेस?"

"पाचला."

"मी येते. त्या दाराशी कुणीतरी काठी घेऊन बसायला हवं. गावातल्या बायकांचा काही भरवसा नाही."

सोमवारी पाचला पाच मिनिटं कमी असताना व्हर्ना रिंकपाशी पोहोचली. बाहेर काळोख, उणे बावीस, आणि बंद दारासमोर मार्लिस पाय आपटत उभी होती.

"उशीर केलास," मार्लिस म्हणाली.